निळं दार

मंगळवार पेठ, कोल्हापूर
५ नोव्हेंबर १९७३

प्रभूमध्ये सलाम, असं आत्याबाईंनी लिहायला सांगितलं. लिहिलं.

अक्षर ओळखलं असेलच. आजवर तुमच्या आईची पत्रं शेजारच्या चिमणाबाईंची सून लिहून द्यायची. ती बाळंतपणाला माहेरी गेली. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, समोरचा माणूस त्यांना आता नुसती सावली दिसतो. राहिले मी. दिवसभर बालवाडीतल्या पोरांकडून मुळाक्षरं गिरवून घ्यायची आणि घरी येऊन तुरुंगात पत्र लिहायचं, असं सध्या माझं चाललंय. तुम्ही आत गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. हीसुद्धा मी लिहीत नाही, आत्याबाई लिहितायत असं समजा.

तर आत्याबाई बऱ्या आहेत. भाकऱ्या अजून त्याच थापतात, हाताला सगळं दिसतं म्हणतात. स्वयंपाकाच्या वेळी चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला टाकायचं त्यांचं गाडगं चुलीजवळ होतंच. आता त्याच्या शेजारी दुसरं गाडगं आलंय. त्यात तुरुंगातल्या लोकांच्या नावाची मूठ पडते. माझ्या ताटात त्यामुळं भात कमी पडतो असं मी एकदा म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ताटातला माझ्याकडे सरकवला. बोलायची सोय नाही.

आणखी एक नवीन. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसताना दाराची कडी काढून ठेवायची, असा हुकूम आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "शास्त्रात न्हाय का, तुरुंगातनं सुटून आलेला प्रेषित दार वाजवत भाईर उभा, आनि आत त्येच्यासाठीच परार्थना करणारी माणसं म्हनत्यात, त्यो कुठला यायला, त्येचा दूत आसंल. माझ्या ज्ञानूला मी तसं उभं करणार न्हाय." मी म्हटलं, आत्याबाई, त्यांची सजा अजून बरीच राहिलीय. तर म्हणाल्या, "देवाला क्यालिंडर लागतंय व्हय?"

आता माझं. तुमच्या रजेच्या अर्जाची चौकशी करायला पोलीस येऊन गेला. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, त्यासाठी पंधरा दिवस घरी सोडायचं, तर घरचे घरात घ्यायला तयार आहेत का, एवढंच त्याला लिहून न्यायचं होतं. आत्याबाई चर्चमध्ये गेल्या होत्या. मी म्हटलं, विचार करून सांगते. तो म्हणाला, "नवरा हाय न्हवं तुमचा?" मी म्हटलं, "व्हय. आणि ज्याला मारलं तो भाऊ हाय." मग तो चहा न घेता गेला.

तुमच्या दारूला आणि तुमच्या हाताला कंटाळून मीच देवदानला निरोप धाडला होता. तो मला न्यायला आला. उंबऱ्यात तुम्ही त्याला ढकललंत आणि पायरीच्या दगडावर त्याचं डोकं आपटलं. मारायचं मनात नव्हतं असं तुम्ही कोर्टात म्हणालात आणि कोर्टानं ते मानलं. मी कोर्ट नाही. आईवडील आधीच गेलेले, देवदान होता तेच माझं माहेर. म्हणून इथं आहे, दुसरं काही कारण समजू नका.

हे पत्र तुमच्याआधी वाचणाऱ्या साहेबांनाही सलाम.

सरोजिनी


१८ डिसेंबर १९७३

तुमचं पत्र पोचलं. मधल्या दोन ओळींवर साहेबांनी काळी शाई फिरवलीय. खरं काय ते तिथंच होतं, असं आत्याबाईंच्या मनानं घेतलंय.

खोकला लागला म्हणून तुम्हाला इतरांपासून लांब, एकट्याच्या खोलीत ठेवलंय हे वाचल्यावर त्या रडल्या. मग मी पुढचं वाचलं. भिंतीपलीकडं फाशीची कोठडी आहे आणि तिथं आकाराम नावाचा माणूस आहे. तोंड कधी दिसलेलं नाही. मोरीच्या भोकाशी तोंड नेलं तरच बोललेलं ऐकू जातं. म्हणून संध्याकाळी, आपल्या घरी प्रार्थना चालते त्या वेळेला, तुम्ही गाणं म्हणता, प्रार्थना करता आणि आमेन झालं की जर्मलच्या भांड्यानं भिंतीवर दोनदा वाजवता. पलीकडून तोही वाजवतो. तेच त्याचं आमेन. आत्याबाईंना एवढा आनंद झाला की मला परत वाचायला लावलं. "माझा ज्ञानू गातोय गं." गातायत खरे. इथं असताना बाटली उपडी झाल्याशिवाय गाणं सुचत नव्हतं.

त्यानं काय केलं तेही तुम्ही लिहिलंय. ते मी आत्याबाईंना वाचून दाखवलं नाही. बायको आणि सासू, दोघींना, कुऱ्हाडीनं, भर दुपारी. गावाकडचं कुणी त्याला भेटायला येत नाही, उद्या प्रेत न्यायलाही कुणी येणार नाही, म्हणून तुम्ही हळहळलाय. कुणी यावं, तुम्हीच सांगा. येणाऱ्या त्या दोघीच होत्या.

पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ती मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही लिहिलंय की त्यानं काय केलं ते ऐकल्यावर पहिले काही दिवस तुम्ही भिंतीकडे पाठ करून झोपलात, आणि मग तुमच्या लक्षात आलं की तुमच्याकडेही कुणीतरी अशीच पाठ केलेली असेल. असेल कशाला, आहे.

मागच्या पत्रात एक लिहायचं टाळलं होतं. प्रार्थना संपत आली की दार वाजतं, असं आत्याबाई म्हणतात. चाचपडत जातात, दार उघडतात, "आलास व्हय रं?" विचारतात. बाहेर बोळात चिटपाखरू नसतं. मला वाटायचं, डोळे गेले की कान असे खेळ करत असतील. पण आता मलाही ऐकू येतं. घुशी असतील. या पेठेतल्या घुशी मांजराला भीत नाहीत.

नाताळच्या करंज्या हवालदार हंबीररावांबरोबर पाठवतेय. ते मागच्याच गल्लीत राहतात, साहेबांना विचारून देतो म्हणाले. आत्याबाईंनी सांगितलंय, "त्या भितीपल्याडच्याला बी निम्मी पोच कर." भिंतीतून करंजी कशी पोचवायची ते मायलेकरांनी ठरवा.

सरोजिनी


२० जानेवारी १९७४

तुमचं पत्र वाचता वाचता उठून दाराची कडी लावली. आत्याबाईंना सांगितलं, थंडी आहे.

आकारामचा दयेचा अर्ज फेटाळला. त्या दिवशी त्यानं मोरीच्या भोकातून तुम्हाला विचारलं, मेल्यावर मी जायाचं कुठं? तुम्ही रविवारच्या शाळेत शिकलेलं सांगायला लागलात, सोन्याचे रस्ते आणि मोत्यांच्या वेशी. तर तो म्हणाला, "आसल्या जागंला मला कोन उभा करून घील? मला साधं कायतरी सांग." आणि तुम्हाला दुसरं काही सुचेना म्हणून तुम्ही आपलं घर सांगितलंत. मंगळवार पेठेत कुठून वळायचं, नळ कुठं, गिरणी कुठं, सगळं. "दारात गेलास की कडी वाजव. आत माझी आई आसंल. ती कोन म्हनून इचारायची न्हाय. आत घील, खायाला घालंल." तेव्हापासून तो जेवायला लागला, असं तुम्ही लिहिता.

शाबास. दोन बायका मारलेल्या माणसाला दोन बायकांच्या घराचा पत्ता दिलात. आणि वर मला लिहिताय, तो आला तर घाबरू नको.

पाळकसाहेबांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "बाई, मेलेली माणसं अशी दारोदार फिरत नसतात. ती प्रभूच्या हाती असतात. आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू." मी म्हटलं, साहेब, तुमचं बरोबर आहे, पण याला प्रभूच्या घराचा पत्ता कुणी दिलेलाच नाही, आमचा दिलाय. ते थोडं हसले आणि मग हसायचे थांबले.

आता ऐका. इतके दिवस जे लिहिलं नाही ते लिहिते, कारण तुम्ही त्या माणसाला जे घर सांगितलंय ते आता नाही. तुम्हाला शिक्षा झाली त्या महिन्यात मी जोतीराम गवंड्याला बोलावून पुढचं दार बुजवून घेतलं. विटा लावल्या, गिलावा केला, आतून चुना दिला, समोर कपाट ठेवलं. पायरी तेवढी बाहेर राहिली, दगड जागचा हलेना. जायला-यायला बाजूच्या बोळात नवं दार पाडलं. आत्याबाईंनी तेव्हा गवंड्याला चहा तेवढा करून दिला. त्या रोज संध्याकाळी कडी काढतात ती या बोळातल्या दाराची.

आणि वाजतं ते हे दार नाही. आवाज कपाटामागून येतो, भिंतीतून. घुशी नाहीत. घुशी खुडबुडतात. हा लोखंडी कडी लाकडावर आपटल्याचा आवाज आहे, दोनदा. त्या भिंतीत आता ना कडी आहे ना लाकूड. तुम्ही बाहेरून आलात की दोन झटके द्यायचात आणि मग खोकायचात, ते माझ्या कानात अजून आहे. खोकलाही ऐकू येतो असं आत्याबाई म्हणतात. मला अजून आलेला नाही, येऊ नये.

पोलीस परत येऊन गेला. मी म्हटलं, अजून विचार करतेय.

सरोजिनी


१ मार्च १९७४

एकच विचारायचं आहे. घर सांगताना आपल्या दाराचा रंग तुम्ही त्या आकारामला सांगितला होता का? तेवढंच उलट टपाली कळवा.

आत्याबाई बऱ्या आहेत.

सरोजिनी


१७ मार्च १९७४

तुमचं कार्ड मिळालं, रंग सांगितला होता म्हणून. मला वाटलंच होतं.

आता झालं ते सांगते. गेल्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, दिवेलागणीला मी नळावरून पाणी घेऊन आले तर चिमणाबाई आपल्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुमच्यात कोन पावणं आलतं गं? भिताडाकडं तोंड करून हुबा हुता. डोईला टोपी, गुडघ्यापातुर चड्डी, पायात काय न्हाय. म्या इचारलं, पावणं, कोन पायजे? तर म्हनतोय, ज्ञानूचं घर ह्येच न्हवं? निळं दार कुठं हाय? म्या म्हनलं, ह्ये दार बुजीवल्यालं हाय, बोळातनं जावा की. तर म्हनला, मला निळंच सांगटल्यालं हाय. आनि हुबाच. मी आत तांब्या ठिवून परत आलो तवर कोन न्हाय."

चिमणाबाई इथं राहायला आल्या त्याच्या आधीच मी ते दार बुजवलं होतं. फळ्या तेव्हापासून माळ्यावर पोत्याखाली आहेत. त्या निळ्या होत्या हे चिमणाबाईंना कळायला कुठूनच वाट नाही. मी कळशी खाली ठेवली आणि दारातच बसले. आपल्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात तुम्ही स्वतः ते रंगवलं होतंत आणि वरातीतही तुमच्या नखांत निळं होतं, ते मला उगाचच आठवलं.

त्यानंतरच्या रविवारी हंबीरराव आले. टोपी काढून म्हणाले, "वैनी, त्यो आकाराम गेला. बेस्तरवारी पहाटं. हितं ती सोय न्हाय, लांब न्हेलतं त्येला. संगट गेल्याला आमचा शिपाई आज आला, त्यो सांगतोय, लई शांत गेला. निघताना एवढंच बोलला, घर म्हाईत हाय मला."

म्हणजे त्याच गुरुवारी. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. कुऱ्हाडीचं मी कधी वाचून दाखवलं नव्हतं, तेही चिमणाबाईंच्या तोंडून कधीच कळलेलं. त्या उठल्या, तुरुंगातल्यांच्या मुठीचं गाडगं उपडं केलं आणि त्याचा भात लावला.

त्या दिवसापासून कडी वाजते ती वेगळी वाजते. तुमची ती दोन झटक्यांची वेगळी, ती अजून संध्याकाळी आमेनला येते. ही कधीही येते. दुपारी मी शाळेतून आले की, सकाळी चूल पेटवताना. एकदाच वाजते आणि थांबते. परक्याच्या दारात आलेला माणूस वाजवतो तशी, परत वाजवावं की नाही अशा विचारानं. चुन्यावर कडीच्या उंचीला ओल धरलीय. कपाट सरकवलं म्हणून दिसली.

आत्याबाई त्या भिंतीला तोंड लावून बोलतात. "बाबा, वळसा घालून ये. दार बोळात हाय." मग माझ्याकडं वळून, "त्यो यायचा न्हाय गं त्या दारानं. जल्मात पयल्यांदा कुनीतरी त्येला ये म्हनलंय, ते निळ्या दारानं ये म्हनलंय. फोड पोरी ती भित." मी म्हटलं, त्यानं काय केलंय ते ठाऊक असून म्हणताय? तर म्हणाल्या, "म्हाईत हाय म्हनून तर. न केलेल्याला काय, कुनीबी घरात घील."

मी नाही म्हटलं. ओरडून म्हटलं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, मीही नाही.

तुम्हाला वाटेल मी आकारामला भितेय. नाही हो. आकाराम बिचारा एकदा कडी वाजवून थांबतोय, त्याला काय भ्यायचं. मला भीती वाटते ती पायरीवर आधीपासून कुणी बसलेलं असेल त्याची. ती भिंत फोडली की पहिला देवदान आत येईल. तो म्हणेल, सरू, मला ज्यानं ढकललं त्याच्या आईच्या हातची भाकरी खाऊन तू राहिलीस कशी? आणि उद्या पोलीस परत आल्यावर तू त्याला काय सांगणार आहेस? मी त्याला काय सांगू? तुम्हीच इथं असतात तर तुमच्याच तोंडून वदवलं असतं.

म्हणून भिंत आहे तिथं आहे.

सरोजिनी


२३ एप्रिल १९७४

ईस्टरच्या पहाटे आम्ही दोघी कबरस्थानात गेलो. सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन आली होती, अजून उजाडायचं होतं. उठला आहे, खरोखर उठला आहे, असं एकमेकांना म्हणत सगळे आपापल्या माणसांच्या कबरीशी पांगले. आत्याबाईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "मला देवदानाकडं न्हे." आजवर त्या तिथं कधी आल्या नव्हत्या. माझी हिंमत नसायची आणि त्यांचीही.

त्या खाली बसल्या. हातानं चाचपत दगडावरचं नाव शोधलं, त्यावर हात ठेवून राहिल्या. मग सरळ बोलायला लागल्या, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं. "देवदान, बाबा, माझ्या पोरानं तुझं वंगाळ केलं. मी तुला त्येला माफ कर म्हनायला आलो न्हाय, त्ये तुझं तू बघ. पर घराचं दार बंद हाय, त्यामुळं एक जन भाईर ताटकळलाय. तुझ्या भनीला सांग." मला असा राग आला की मी कबरस्थानात ओरडले. म्हटलं, मेलेल्या माणसाला मध्ये घालू नका, आत्याबाई. त्या आपल्या पांढऱ्या बुबुळांनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आजच्या दिशी कोन मेलेलं नसतंय गं." मेणबत्ती माझ्या हातात विझली होती, ती त्यांच्या मेणबत्तीवर परत लावून घेतली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी जोतीरामला बोलावलं. तो भिंत बघून हसला. म्हणाला, "बाई, त्या टायमाला मी शिमिट वापरलंच न्हाय. मातीत बसीवल्यात इटा. म्हनलं, रागाचं काम हाय, कवातरी काढाय लागंल." खरंच, दुपारपर्यंत सगळं निघालं. माळ्यावरच्या फळ्या खाली काढल्या, पुसल्या, बिजागऱ्यांना तेल दिलं. कडी गंजली होती तरी वाजली. रंग तसाच आहे, खालच्या बाजूला थोडा उडालाय. जोतीराम पायरी घासायला लागला तर मी त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि स्वतः घासली. दगड आहे, दुसरं काही नाही त्यावर. मी तुम्हाला हे नुसतं कळवतेय.

संध्याकाळी दार सताड उघडं टाकून प्रार्थनेला बसलो. आत्याबाईंनी मुठीच्या तांदळाचा भात एका ताटात वाढून उंबऱ्याच्या आत ठेवला होता, शेजारी पाण्याचा तांब्या. आमेन झालं. कडी वाजली नाही. तुमचीही नाही. मी म्हटलं, झालं, इतके दिवस घुशीच होत्या. तेवढ्यात आत्याबाई बसल्या जागी बाजूला सरकल्या, कुणाला तरी जागा करून द्यावी तशा. "बस बाबा, टेक. लई चाललास." असं म्हणून हातानं ताट पुढं सरकवलं. मला काही दिसलं नाही. नुसता ओल्या मातीचा वास आला, आणि त्या तुरुंगातल्या जाड्याभरड्या कापडाचा. मुलाखतीला एकदाच आले होते मी, निकालाच्या आधी, तो वास मी विसरलेली नाही.

मग आत्याबाई दाराकडं मान वळवून म्हणाल्या, "आनि त्यो कोन गं? त्यो आत येईना. उंबऱ्यापाशीच हुबा हाय. तुझ्याकडं बघाय लागलाय."

त्यांना सावल्याच दिसतात, हे मला ठाऊक आहे. समोर रस्त्यावरून माणसं जात होती, त्यातलीच एखादी सावली असेल. पण माझे पाय उठले. मी उंबऱ्यापाशी गेले. रस्त्यावर उजेड होता, गिरणी चालू होती, चिमणाबाईंचा नातू रडत होता आणि पायरीवर कुणी नव्हतं. तरी मी म्हटलं, "दादा, आत ये." मोठ्यानं म्हटलं, चिमणाबाईंनी ऐकलं. नंतर म्हटलं, "मी आत्याबाईंपाशी राहिले, कारण त्या रात्री तुझं डोकं मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या, आणि मी बाहेर पळाले होते." हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं तो काही विचारेल. त्यानं काही विचारलं नाही. आत मात्र आला नाही. तिथंच राहिला, उंबऱ्यात. मला कसं कळलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, पण मला ते माझ्या हातापायांइतकं नक्की ठाऊक आहे. मग मीही तिथंच बसले. आत्याबाईंनी आतून हाक मारली तेव्हा पार अंधारलं होतं. ताटातला भात तसाच होता, त्यांनी तो सकाळी चिमण्यांना घातला.

त्यानंतर भिंत वाजायला भिंतच नाही आणि दार वाजत नाही. आत्याबाईंना रात्रभर झोप लागते. चुन्यावरची ओल विटांबरोबर गेली.

आज सकाळी शाळेत जाण्याआधी मी पोलीस चौकीत गेले. तोच तो पोलीस होता, आज चहा त्यानं मागवला. घरचे घरात घ्यायला तयार आहेत, असं लिहून दिलं आणि सही केली. तुमच्या दारूचं मी काही विसरलेले नाही. हात उचललात तर या वेळी निरोप धाडायला भाऊ नाही, मी स्वतःच चौकीत जाईन, आता रस्ता माहीत झालाय. आणि तुम्हाला बघून मी काय करीन ते मलाही अजून ठाऊक नाही. कदाचित स्वयंपाकघरातून बाहेरच येणार नाही. पण पंधरा दिवस ताट वाढीन.

आत्याबाईंचं ऑपरेशन तुम्ही आल्यावर ठरेल. दृष्टी येण्याआधी एकदा सावलीच्या ज्ञानूला बघायचंय म्हणतात, त्याची आता सवय झालीय.

या. दार पुढचंच आहे, निळं, आणि उघडं असेल, तेव्हा कडी वाजवत थांबू नका. फक्त उंबऱ्यावर पाय ठेवू नका. तिथं देवदान आहे. ओलांडून आत या.

सरोजिनी